हरणीचा घास

धोंडुबाईच्या दारात कुत्रं आलं की पहिल्या दिवशी त्याला पोटभर भाकरी मिळते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची शाळा सुरू होते. शाळा म्हणजे काय, तर भाकरी समोर आहे आणि खायची नाही. धोंडुबाई शेजारी दगडावर बसून राहणार. कुत्र्याच्या जिभेवरनं पाणी गळणार, ते एक पाय पुढं टाकणार, की हिचा "अंहं!" आलाच. मग कधीतरी ती शब्द बोलणार आणि तेव्हा कुठं घास तोंडात. शेजारच्या सुलाबाईला हे बघवायचं नाही. "आत्ती, आदीच उपासमारीतनं आल्यालं जनावर, त्याला आनी कशाला छळताय?" असं ती कुंपणावरनं ओरडायची.

"तुझ्या नातवाला शाळंत घालताना रडला न्हाई व्हय गं तो?" धोंडुबाई उलट विचारायची. बोलण्यात तिचा हात धरणारं माणूस अख्ख्या आष्ट्यात सापडायचं नाही.

पण ह्यात छळ नव्हता. ही तिच्या बापाची, आज्याची रीत. जतच्या माळावर त्यांची मेंढरं असायची. कोकरं चोरायला येणारे आधी कुत्र्यांपुढं औषध घातलेलं मटण टाकायचे. कुत्री आडवी झाली की काम फत्ते. म्हणून धनगराच्या कुत्र्याला लहानपणीच शिकवायचं, की शब्द ऐकल्याबिगर समोर पडलेलं अन्न हे अन्नच नव्हे. प्रत्येक कुत्र्याचा शब्द वेगळा, आणि तो ठाऊक एकालाच. बापाला ठाऊक असला तर आईला नसायचा, भावाला नसायचा. दोघांच्या तोंडी गेलेली गोष्ट चोराच्या कानावर जायला कितीसा वेळ लागतो?

मेंढरं विकली त्याला कैक वर्षं झाली. धोंडुबाईचा मुलगा बिराप्पा आष्ट्यात ट्रॅक्टरच्या गॅरेजात लागला आणि मायलेकरं गावाबाहेर दोन खोल्या बांधून राहिली. चहूबाजूला ऊस. तोडणी सुरू झाली की ऊसतोड्यांच्या खोप्या पडतात, त्यांच्याबरोबर कुत्री येतात, तिथंच वितात. हंगाम संपला की टोळ्या बिऱ्हाड ट्रॉलीत भरून आपापल्या मुलखाला जातात आणि कुत्री मागं राहतात. विझलेल्या चुलीपाशी बसून रस्त्याकडं बघत राहतात, वेडी कुठली. धोंडुबाईनं हे पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी तिला घास गिळवेना. तिनं एक कुत्रं घरी आणलं, मग दुसरं, आणि मग लोकच पोत्यात घालून आणून सोडायला लागले.

खोपीतल्या कुत्र्याला घर ही काय चीज आहे ते ठाऊकच नसतं. कुकरची शिट्टी झाली की ते खाटेखाली शिरून मुततं. पंखा फिरला की वर बघून गुरगुरतं. एक काळं कुत्रं तर टीव्हीतली सासू दिसली की अंगावर धावून जायचं, आणि धोंडुबाई कौतुकानं म्हणायची, "ह्याला मानसं कळत्यात गड्या!" उंबरा ओलांडायचा कधी आणि नाही कधी, साखळी म्हणजे मार नव्हे, अंगणातली कोंबडी ही घरची आहे, हे सगळं शिकवता शिकवता पाच-सहा महिने जायचे. मग ती त्याला घर बघायची. बघायची म्हणजे सोयरीक जुळवल्यासारखी. घरात पिणारं कोण, म्हातारी माणसं कुठं झोपतात, सून हसून बोलते का नाही. पसंत पडलं तर स्वतः पोचवायला जायची, तिथं कुत्र्याबरोबर बसून भाकरी खायची, घरातल्या एकाला बाजूला घेऊन शब्द सांगायची आणि मागं न बघता निघायची. नंतर वर्षभर तिकडं फिरकायची नाही. "आई सारखी दारात दिसली की लेक नांदत न्हाई," हे तिचं ठरलेलं उत्तर.

हरणी आली ती अशीच एका खोपीवरनं, पण मेल्यात जमा होऊन. उसाच्या बांधावर कुणीतरी विष घालून शेव-भाकर टाकली होती. हरणीची भावंडं तिथंच मेली, हिच्या तोंडाला फेस आला होता आणि पाय ताठ झाले होते. बिराप्पानं मोटारसायकलवर आईच्या मांडीवर घालून तिला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. सलाईन झालं, सुया झाल्या. डॉक्टर म्हणाले, वाचली तर नशीब, आणि वाचली तरी आतनं नाजूकच राहील. धोंडुबाईनं तिला गोधडीत गुंडाळून चुलीशेजारी निजवलं आणि चमच्यानं पेज पाजली. कुत्री वाचली. हरणासारखा रंग, डोळ्यांत काजळ, म्हणून हरणी.

विषातनं उठलेलं जनावर, मग शाळा किती कडक घेतली असेल बघा. बाकीच्यांना धोंडुबाई थोडं इकडंतिकडं चालवून घ्यायची. हरणीला नाही. ताटातलं नाही, हातातलं नाही, जमिनीवर पडलेलं तर मुळीच नाही. तिनं बिराप्पाला हरणीपुढं मटणाचं हाड टाकून लांब जायला सांगितलं. दोघं उसाआडून बघत बसली. हरणीनं हाडाकडं एकदा बघितलं, तोंड फिरवलं आणि डोळे मिटून पडून राहिली. धोंडुबाईला असा काही आनंद झाला की तिनं बिराप्पाच्या पाठीत गुद्दा घातला. "आता हिला कुनाच्या बाचं भ्या न्हाई!"

"आये, हिला ठेव की आपल्यापाशीच," बिराप्पा म्हणाला. तिलाही वाटायचंच की. पण दारात आणखी आठ कुत्री, गुडघे बोंबलायला लागलेले, आणि ठेवायला सुरुवात केली तर नवं येईल ते कुठं न्यायचं? एकीला ठेवलं की दुसऱ्यानं काय घोडं मारलंय? तिनं मन घट्ट केलं.

वाईचे नाथाजी आबा आष्ट्याला बहिणीकडं आले होते, त्यांनी हरणीला बघितलं. पलटणीतनं हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, वाईजवळ थोडा ऊस, घरी मुलगा आणि सून. बायको जाऊन वर्ष झालं होतं. हरणी आपणहून त्यांच्या बुटावर डोकं ठेवून बसली. आबांनी त्या दिवशी मागितली, धोंडुबाईनं नाही म्हटलं. पुढच्या खेपेला परत आले, परत नाही. तिसऱ्यांदा आले ते नवाकोरा पट्टा घेऊनच. "आवं धोंडुबाई, पोरगी मागायला बी एवढं जोडं झिजवलं नव्हतं मी," असं म्हणाले आणि ती हसली. हसली तिथंच हरणी गेली.

वाईचं घर तिला आवडलं. मुलगा धैर्यशील अबोल पण पाणी आणून देणारा. सून रेश्मा हसतमुख, तिनं हरणीसाठी जुन्या चादरीची गादीसुद्धा शिवून ठेवलेली. भाकरी खाऊन झाल्यावर धोंडुबाईनं आबांना परसात पपईच्या झाडाखाली नेलं आणि कानात शब्द सांगितला. मग म्हणाली, "हे तुमच्या लेकाला सांगायचं न्हाई, सुनंला न्हाई, द्येवाला बी न्हाई. लय विष पचवून आलीया ही."

आबांची छाती फुगली. "आमी पहाऱ्याला हुबं राहिलेलो मानूस. रात्रीचा परवलीचा शब्द कुनाला सांगितला न्हाई कवा. मेलो तरी सांगनार न्हाई, काळजी सोडा."

"मावशी, सासऱ्यांना काय मंत्र दिलात?" रेश्मानं हसत विचारलं. धोंडुबाईनं तिच्या गालाला हात लावला आणि जाता जाता दम भरला, तिच्या सवयीनं. "सांभाळा नीट. हिचं हाल झाल्यालं कळलं तर मी तडक येनार आनी घिऊन जानार. मग रडायचं न्हाई." रेश्माचं हसू जरा मावळलं. धोंडुबाई मागं न बघता एसटीत बसली आणि कराड येईपर्यंत पदर डोळ्यांना लावून होती. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, कोन गेलं का?" ती म्हणाली, "लेक धाडून आली."

आबांचे फोन यायचे. "धोंडुबाई, लेक नांदतीया बरं का! आज घाटावर फिरवून आनली." "आज माझ्या चपला राखल्या." तिचं जेवण म्हणजे आबांचा सोहळाच असायचा. सकाळ-संध्याकाळ ताटली पुढं ठेवायची, खाली वाकायचं, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचं, की हरणी जेवायला लागायची. रेश्मानं कितीदा कान दिला, पण आबा पक्के; तिला वाटायचं, जेवणाआधीचा श्लोक म्हणत असतील. लग्नाकार्याला गेले तरी संध्याकाळच्या आत घरी.

पावसाळा सरता सरता फोन थांबले. धोंडुबाईला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. लेक रुळली की माहेरचे निरोप कमी होतातच. आपण फोन करायचा नाही, आपला आवाज ऐकून हरणी उगीच कासावीस होईल, हा नियम तिचाच होता. तो तिनं पाळला.

आणि पंधराएक दिवसांनी बिराप्पा सकाळच्या चहाच्या सुट्टीत धावत घरी आला. चेहरा नुसता फुललेला. "आये, आपली हरणी बघ! लाखानं लोकांनी बघितलंय. गॅरेजात सगळ्यांनी मला पार्टी मागितलीया!"

त्यानं मोबाईल पुढं धरला. वाईचं तेच घर. खाटेवर नाथाजी आबा, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मेल्यासारखा पडलेला. खाटेशेजारी हरणी, पाय पसरून. फासळ्या मोजता येतील अशी. तिच्यापुढं दुधाची ताटली, बिस्किटं, पेढे, कुणीतरी ठेवलेली पुरणपोळी. गाणं लावलेलं, कसलं तरी रडवणारं. आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ते बिराप्पानं अभिमानानं वाचून दाखवलं. "मालकाला अर्धांगवायूचा झटका. वाचा गेली. मुक्या जीवानं मालकासाठी अन्न सोडलं. याला म्हणतात इमान!"

धोंडुबाई ओरडली ती अशी की कुंपणापलीकडं सुलाबाईच्या हातातलं सूप पडलं. "अरं मेल्या, तिनं सोडलं न्हाई अन्न! तिला कुनी जेव म्हनल्यालं न्हाई!"

बिराप्पाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच अडकून राहिलं. त्याला कळायला दोन क्षण लागले. त्या घरात शब्द एकालाच ठाऊक होता, आणि त्या एकाची वाचा गेली होती. जिच्यापुढं सगळी वाई नैवेद्य आणून ठेवत होती, ती परवानगीची वाट बघत उपाशी पडली होती.

"फोन लाव!" लावला. आबांचा मोबाईल बंद. दुसरा नंबर कुणापाशीच नव्हता. आष्ट्यातल्या आबांच्या बहिणीच्या दाराला कुलूप, ती भावाला बघायला वाईलाच गेलेली. "त्या तुझ्या व्हिडिओखाली लिहिता येतं न्हवं? लिही," ती म्हणाली. "काय लिहू?" बिराप्पानं विचारलं आणि तिच्याकडं बघत राहिला. बापाच्या वंशात कुणी केलं नव्हतं ते तिनं केलं. पोराला शब्द सांगितला. "लिही, बिरोबानं दिलं, घे. एवढं हरणीच्या कानात म्हना. लिही लवकर." त्यानं लिहिलं. पण त्याच्यावर लगेच पन्नास जोडलेले हात आणि फुलं येऊन पडली. कुठंच दिसेना.

इस्लामपूर, कराड, सातारा. एसटी बदलत ती निघाली. बिराप्पा बरोबर होता. साताऱ्याच्या स्टँडवर वाईची गाडी लागेना तेव्हा तिनं चौकशीच्या खिडकीवर मूठ आपटली. "माझी लेक भुकेली हाय रं, गाडी सोडा!" खिडकीतला माणूस बिचारा चपापला. त्यानं स्वतः बाहेर येऊन तिला उभ्या गाडीत चढवून दिलं.

वाईत पोचली तेव्हा ऊन उतरलेलं होतं. दारात चपलांचा ढीग. एक गुरुजी शाळेतल्या मुलांना रांगेनं घेऊन आले होते आणि प्राण्यांकडून काय शिकावं ते सांगत होते. हरणीला आता अंगणात चटईवर आणून ठेवलं होतं. गळ्यात झेंडूचा हार. धोंडुबाई माणसं सारत पुढं गेली आणि हरणीशेजारी खाली बसली.

हरणीनं डोळे उघडले. शेपटीचं टोक जमिनीवर हललं, एवढंसं.

रेश्मा धावत आली, तिचा चेहरा भीतीनं पांढरा पडला. "मावशी, नेऊ नका हो हिला. आम्ही लय केलं. डॉक्टर आणला, सलाईन लावलं. तुम्हाला कळवणारच होतो. पण हे म्हणाले, मावशी घेऊन जातील, आणि आबा तर हिच्याकडंच बघून जगतायत..." धोंडुबाईचा दम तिनं मनाला लावून घेतला होता. खरी माणसं होती ती, म्हणूनच लावून घेतला.

धोंडुबाईनं हार तोडून फेकला. दुधाची ताटली ओढली, भाकरीचा तुकडा कुस्करला, खाली वाकली आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, म्हणाली, "बिरोबानं दिलं, घे. घे माझे बाय."

हरणी उठायला गेली. पुढचे पाय उचलले, मागचे उचलेनात. ती सरपटत ताटलीपाशी आली आणि तिनं जीभ दुधात घातली. एकदा, दोनदा, तीनदा. अंगणातली मुलं टाळ्या वाजवायला लागली. गुरुजींनीही वाजवली. दूध तिच्या जबड्याच्या कडेनं परत बाहेर येत होतं हे फक्त धोंडुबाईला आणि रेश्माला दिसत होतं.

"एवढंच?" रेश्मा म्हणाली. "मावशी, एवढंच म्हणायचं होतं?"

हरणी चाटतच राहिली, गिळवत नव्हतं तरी. सांगितलं होतं ना घे म्हणून. धैर्यशील डॉक्टरला आणायला पळाला. डॉक्टर यायच्या आत तिचं डोकं हळूच ताटलीच्या काठावर टेकलं. धोंडुबाईनं ते उचलून मांडीवर घेतलं, मिशांवरचं दूध पदरानं पुसलं आणि अशी रडली की गुरुजी मुलांना घेऊन चोरासारखे निघून गेले. "मी मारली गं तुला," ती म्हणत होती. "विषानं न्हाई मेलीस, माझ्या शानपनानं मेलीस." बिराप्पानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला. पुन्हा ठेवला, तो राहू दिला.

अंधार पडायच्या आधी परसात खड्डा खणून झाला. मग रेश्मा तिला हात धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. आबा खाटेवर होते. खिडकीतनं त्यांना अंगण दिसत नव्हतं. बाहेर काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, सांगणार तरी कोण? धोंडुबाईला बघून त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं आणि डाव्या हातानं त्यांनी तिचं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. त्यांचे ओठ हलत होते. मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते. आवाज नाही. धोंडुबाई त्या ओठांकडं बघत राहिली. तिला अर्थ लावावाच लागला नाही. माणूस रात्रंदिवस शब्द म्हणत होता.

"असेच हलतात मावशी, झटका आल्यापासनं," रेश्मा हळू आवाजात म्हणाली. "सारखे. आम्हाला वाटलं तहान लागतीय. मी दर वेळी चमच्यानं पाणी..." आणि तिच्या लक्षात आलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

आबा तसेच बघत होते. विचारत होते. धोंडुबाईनं आयुष्यात कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, तोंडावर खरं बोलून माणसं तोडली होती. तिनं डोळे पुसले आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"खाल्लं तिनं आबा," ती म्हणाली. "मी सांगितलं, तिनं खाल्लं. पोटभर. आता निजलीया."

आबांचे ओठ थांबले. मनगटावरचा हात सैल झाला. रेश्माचं हुंदके देणं त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून धोंडुबाई तशीच वाकून, त्यांच्या कानाशी काहीबाही बोलत राहिली.